पत्रा आधी, इंजिन नंतर : मराठवाड्यात जुनी पद्मिनी घेताना आणि पळवताना

मुंबईच्या किंवा कोकणच्या जुन्या गाडीला गंज खातो. मराठवाड्यातल्या गाडीला ऊन, फुफाटा, बोअरचं जड पाणी आणि सगळ्यात जास्त म्हणजे नुसतं उभं राहणं खातं. वाड्याच्या ढेलजेत किंवा शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस वर्षं थांबलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, उघडून बघा. खालचा पत्रा बहुतेक वेळा शाबूत असतो. मात्र रबर सगळं मेलेलं असतं, रेडिएटरच्या नळ्या चुन्यानं बुजलेल्या असतात, टाकीच्या तळाशी पेट्रोलचा डिंक झालेला असतो आणि ब्रेकचे सिलिंडर जाम असतात. यातली पत्र्याची दुरुस्ती सर्वात महाग आणि सर्वात लांबणारी. बाकीचं बहुतेक काम एका चांगल्या मेस्त्रीच्या आणि एका लेथवाल्याच्या आवाक्यातलं. म्हणून आपल्याकडे कोरडा पत्रा आणि बंद इंजिन असलेली गाडी ही चकाचक रंगाच्या चालू गाडीपेक्षा पुष्कळदा चांगला सौदा ठरते.

पद्मिनीच का

तऱ्हेवाईक गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं पूर्ण बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि इंजिनाशेजारी टायरवर बसून काम करता येतं. तिला वेगळी चासी आहे, त्यामुळे बॉडी नटबोल्ट काढून उचलता येते. पण काच, बीडिंग आणि दिव्यांसाठी वर्ष-वर्ष शोध घ्यावा लागतो. बंगळूरच्या सिपानीची डॉल्फिन फायबरची, तिला गंजाची भीती नाही, पण तडकलेलं फायबर नीट जोडणारा माणूस आधी शोधावा लागतो. अ‍ॅम्बॅसेडर दणकट, ऐसपैस आणि २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे सामान अजून मिळतं. पाच-सहा जणांचं कुटुंब घेऊन तुळजापूरला जायचं असेल तर तीच घ्या.

तरी पहिली जुनी गाडी म्हणून पद्मिनी बरी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ ची फियाट ११०० डिलाइट ते पुढची पद्मिनी हा मूळ साचा फारसा बदललाच नाही. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे या गाडीचं सामान एवढं बनलं की आजही गॅस्केट, बुश, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), ब्रेकचे किट मिळून जातात. शेवटच्या काळातल्या डिझेल आणि खाली गिअर असलेल्या पद्मिनींचं सामान वेगळं असतं. विकणारा 'सगळं एकच आहे' म्हणाला तरी आधी बोनेट उघडून खात्री करा.

बघायला जाताना

सोबत चार वस्तू न्या : फ्रिजच्या दारावरचं छोटं लोहचुंबक, टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि अंगाखाली टाकायला पोतं.

चुंबकाला पातळ कापड गुंडाळा आणि मडगार्डची कड, हेडलाइटची मागची बाजू, दरवाजाचा खालचा चार बोटांचा पट्टा, मागच्या चाकाच्या कमानी या जागांवरून फिरवा. जिथे तो सुटून पडतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. एखाद-दुसरा ठिपका चालतो. सलग हातभर पुट्टी असेल तर आत पत्रा उरलेला नाही असं समजा.

मग पोत्यावर आडवे व्हा. दरवाजाखालची पेटी, जॅक लावायच्या जागा आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला जोडलेत तो भाग, या तीन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. ही तीन ठिकाणं गेली असतील तर गाडी कितीही गोड दिसली तरी परत फिरा. आत पायाखालची मॅट उचला, बॅटरीचा ट्रे बघा, डिकीत स्टेपनी उचलून तळ बघा. ट्रेवर अ‍ॅसिड सांडून भोक पडणं हे आपल्या कोरड्या हवेतही होतंच. नंबर मुंबई-ठाण्याचा आणि रंग नवा असेल तर ही तपासणी दुप्पट वेळ देऊन करा.

चालू गाडी असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि गेज लावून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे सेल्फ मारा. या जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ११० ते १३० पीएसआय (दाबाचं एकक) दिसले तर समाधान माना. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर पॅकिंग त्या दोघांच्या मध्ये जळलेलं असतं. रेडिएटरच्या तोंडाशी तेलाची साय किंवा डिपस्टिकवर चहाच्या रंगाचा फेस दिसला तरी संशय तिकडेच.

कागद

मराठवाड्यात जुनी गाडी सहसा आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा हयात नसतात. नातवाची सही तुम्हाला मालक करत नाही. आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं गाडी जायला हवी, मग फॉर्म २९ आणि ३० नं तुमच्या. इतर वारसांची ना-हरकत लेखी घ्या. जुन्या आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला आढळतो आणि बँकच उरलेली नसते. स्टेट बँक ऑफ हैदराबादचा शिक्का असेल तर घाबरू नका, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, त्यामुळे पत्र आता स्टेट बँकेकडून घ्यायचं आणि फॉर्म ३५ जोडायचा. हे काम पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून करून घ्या. नंतर कुणी फोन उचलत नाही.

चासी नंबर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी ताडून बघा. इंजिन बदललेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे, पण ते नोंदवलेलं नसेल तर हस्तांतर अडतं. 'एमएच' मालिकेच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर गाडी सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेली आहे का ते आरटीओत विचारा. चढलेली नसेल तर बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हातात लागतं, झेरॉक्स चालत नाही.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर वाढवून घ्यायची. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, ते खरेदीच्या हिशोबात आधीच धरा. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यानं उच्च सुरक्षा नंबरप्लेट, पीयूसी आणि किमान थर्ड पार्टी विमा.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते : शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. तो नंबर रुबाबदार दिसतो खरा, पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी पैठणला जाऊन यायचं असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवणंच शहाणपणाचं.

वर्षानुवर्षं थांबलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारणं ही सर्वात महागडी घाई. सिलिंडरच्या कोरड्या भिंतीवर चिकटलेल्या रिंगा तुटतात, कधी अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो. क्रम असा ठेवा.

१. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल टाका आणि रात्रभर राहू द्या. पिस्टन जाम वाटले तर ऑइलऐवजी डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल निम्मं-निम्मं टाकून तीन-चार दिवस थांबा.

२. गिअर न्यूट्रलमध्ये. हँडलनं किंवा क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, थोडं मागे-पुढे हलवून पुन्हा ऑइल टाका. दोन पूर्ण फेरे सहज झाले की पुढे.

३. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढा आणि कुणाला तरी इंजिन फिरवायला सांगून आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते डोळ्यानं बघा. एखादा खालीच राहिला तर तिथे भेदक तेल सोडा आणि प्लास्टिकच्या हातोड्यानं हलके ठोके द्या.

४. जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा.

५. टाकी जोडू नका. दोन लिटरच्या डब्यात ताजं पेट्रोल घ्या, तोंडाशी फिल्टर लावा आणि पंपाला नळी द्या. डबा इंजिनापासून दूर, पक्का बांधलेला. शेजारी वाळूची बादली.

६. प्लग बाहेरच ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हेच करा. दिवा विझल्यावरच प्लग बसवा आणि सुरू करा.

पहिली पाच मिनिटं निळा-पांढरा धूर येणारच, ते सिलिंडरमध्ये टाकलेलं ऑइल जळतंय. अर्ध्या तासानंतरही निळा धूर राहिला तर काळजी करा. हे ऑइल १०० किलोमीटरवर काढून टाका, त्यात सगळी जुनी घाण उतरते.

पाणी आणि उष्णता : खरा खर्च इथे करा

पद्मिनीच्या अ‍ॅल्युमिनियम हेडला एकदा उकळलेलं पाणी पुरतं. हेड वाकतं, पॅकिंग जळतं आणि मग मेस्त्री नुसतं पॅकिंग बदलून देतो, ते दोन महिन्यांत पुन्हा जातं. हेड उघडलंच तर त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून फीलर गेज (मोजक्या जाडीच्या पात्या) सारा. ०.०५ मिमीची पाती खालून गेली तर हेड लेथवर फेस करूनच बसवा. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळा. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना एकदा पुन्हा.

आपल्याकडचं पाणी बसॉल्टच्या खडकातून येतं, जड असतं. हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या जाकिटात बसतो. रेडिएटर साफ करायला तेजाब वापरणारे कारागीर अजून आहेत. त्यांना थांबवा, ते डाग (सोल्डर) लावलेले जोड खातं आणि अ‍ॅल्युमिनियमचा तर भुगाच करतं. त्याऐवजी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व घ्या. आधी जुनं पाणी बादलीत काढून मोजा, म्हणजे गाडीत किती मावतं ते कळेल. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून ठेवा. लिटरला २५ ग्रॅम या हिशोबानं लिंबूसत्व साध्या पाण्यात विरघळवून भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, अर्धा तास ठेवा, काढून टाका. गढूळ तपकिरी पाणी निघेल. पुन्हा एकदा करा. मग लिटरला १० ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा, म्हणजे उरलेली आंबटाई मरते, आणि शेवटी साधं पाणी निवळ निघेपर्यंत. एवढ्यानंही रेडिएटरचा मधला भाग हाताला थंड आणि कडा गरम लागत असतील तर नळ्या पूर्ण बुजल्यात. वरची टाकी उघडून सळई मारून घ्या किंवा नवा कोअर बसवा. तांब्या-पितळेचाच घ्या.

भरताना बोअरचं पाणी पुन्हा नको. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचा कूलंट, दोनास एक या प्रमाणात. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. त्यातलं गंजरोधक आपल्याला हवं असतं, कारण बीड, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं एकाच पाण्यात बुडालेले असले की त्यांचं आपसात जमत नाही.

रेडिएटरचं झाकण ही पन्नास वस्तूंतली सर्वात दुर्लक्षित वस्तू. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. झाकणानं ७ पीएसआय दाब धरला की हा बिंदू १० अंशांच्या वर सरकतो. झाकणाचं रबर वाळलं की तेवढी सवलत गेली, आणि मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असताना ती सवलतच गाडीला घाट चढवत असते. थर्मोस्टॅट मात्र मेस्त्री सवयीनं काढून फेकतात. बायपास असलेल्या इंजिनात तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता थेट परत फिरतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी भांड्यात पाणी उकळून तो उघडतो का ते बघा, चहा ठेवण्याइतकंच काम आहे.

सुई लाल खुणेकडे निघाली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन जरा जास्त फेऱ्यांवर मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात. वाफ आधीच निघत असेल तर मात्र लगेच बंद. झाकण अर्ध्या तासाच्या आत उघडायचं नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं म्हणजे हेड फोडायला आमंत्रण.

पेट्रोल, इथेनॉल आणि वाफेचा अडसर

लातूर, धाराशिव, बीडच्या उसापासून बनलेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. शेतकऱ्याला त्याचं काय मिळतं हा वेगळा विषय, जुन्या सोलेक्स कार्बोरेटरला मात्र त्याचे तीन त्रास होतात.

पहिला रबराचा. जुन्या नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम फुगतो, मऊ होतो, मग काळे कण जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी एसएई जे३० आर९ छापलेली घ्या. पंपाचं किट आणि नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई) इथेनॉलला टिकणारं आहे का ते दुकानदाराला विचारूनच घ्या. दर सहा महिन्यांनी नळी वाकवून बघा, तडा दिसला की बदला. पेट्रोलची गळती आणि तापलेला सायलेन्सर यांच्यात वीतभरच अंतर असतं.

दुसरा त्रास मिश्रणाचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर हवा-पेट्रोलचं मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. गाडी चढावर धक्के खाते, प्लग पांढरे पडतात आणि इंजिन जास्त तापतं. सोलेक्सचा मेन जेट शंभरांश मिलिमीटरमध्ये मोजतात. १२० चा जेट असेल तर १२५ चा लावा, भोकाचं क्षेत्रफळ तेवढंच आठ टक्क्यांच्या आसपास वाढतं. मग २० किलोमीटर एकसारख्या वेगानं चालवून गाडी बंद करा आणि प्लग बघा. टोक फिकट तपकिरी हवं. काजळी धरली तर एक पायरी खाली या. जेट सुईनं किंवा तारेनं कधीही टोकरू नका, भोक मोठं होतं आणि मग कुठलाच हिशोब लागत नाही. फुंकर किंवा हवेचा पाइप पुरतो.

तिसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळ्यात दोन महिने अर्ध्या टाकीनं उभी राहिलेली गाडी पाणी साठवते. महिनाभर थांबणार असाल तर टाकी एक तर गळ्यापर्यंत भरा, नाहीतर रिकामी करा. टाकीला गंजाचं भोक असेल तर ती वेल्डिंगला देताना कुणी 'धुतली आहे, चालेल' म्हणालं तरी मानू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. शक्यतो टाकीच बदला.

उन्हाळ्यात गाडी सिग्नलला किंवा चहाला थांबल्यावर पुन्हा सुरू होत नाही, दहा मिनिटांनी आपोआप होते, तेव्हा बहुधा पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते. पंप इंजिनालाच चिकटलेला आणि त्यातच इथेनॉलमुळे मिश्रण लवकर उडतं. पंपावर ओलं फडकं टाकणं हा रस्त्यावरचा उपाय, तो चालतो. कायमचे उपाय तीन. पंपाच्या आणि सायलेन्सरच्या नळीच्या मध्ये पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बोल्टवर बसवा, दोन्हींपासून बोटभर अंतर सोडून. पेट्रोलची धातूची नळी उष्णतारोधक स्लीव्हमध्ये घाला. कार्बोरेटरखालचा बॅकेलाइटचा ठोकळा जागेवर आहे का बघा, कुठल्या तरी दुरुस्तीत तो हरवलेला असतो. एवढं करूनही भागलं नाही तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावा, पण २ ते ३ पीएसआयचाच. मोटारसायकलच्या किंवा इंजेक्शन गाडीच्या पंपाचा दाब नीडल व्हॉल्व्हला आवरत नाही, पेट्रोल वरून वाहतं. त्या पंपाला फ्यूज आणि अपघातात बंद होणारा स्विच हवाच.

वीज

मेस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघड-मिट करणारे पॉइंट दर ३,००० किलोमीटरला बघा. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरला फट ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगला ०.६ मिमी. सुटा कंडेन्सर नेहमी गाडीत ठेवा, आणि तो चालतो हे आधी लावून तपासलेला हवा. नव्या डबीतले कंडेन्सर पहिल्याच दिवशी मरतात.

वायरिंगचं इन्शुलेशन उन्हानं कडक होऊन फुटलेलं असतं, उरलेलं आखाड्यावरच्या उंदरांनी खाल्लेलं. चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावण्यापेक्षा पूर्ण हार्नेस नवं करून घ्या, एका चांगल्या इलेक्ट्रिशियनचं दोन-तीन दिवसांचं काम. हेडलाइटसाठी दोन रिले लावा, २.५ चौरस मिमी वायर, १५ अँपिअरचा फ्यूज. मिणमिणणारे दिवे बऱ्याचदा बल्बमुळे नाही, स्टिअरिंगवरच्या स्विचात व्होल्टेज मरत असल्यानं मिणमिणतात. ६०/५५ वॅटच्या वर बल्ब नको, डायनॅमो असलेल्या गाडीला तर मुळीच नाही. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. हेराल्डसारख्या जुन्या ब्रिटिश वंशाच्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असू शकतं, बघूनच बॅटरी लावा.

ब्रेक

थांबलेल्या गाडीचे ब्रेक 'लागतायत की' म्हणून सोडू नका. चारही ड्रम उघडा. बसलेली पूड हवेनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ब्रेक क्लीनरनं ओलं करून फडक्यानं पुसा. चाकाच्या सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल दिसली तर ते गळतंय. नुसती किट तेव्हाच टाका जेव्हा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवल्यावर खड्डा लागत नाही. लागला तर सिलिंडर नवा. तीन रबरी होज आणि मास्टर सिलिंडरची किट न बघता बदला.

डॉट ३ फ्लुइड नव्या सीलबंद बाटलीतलंच. अर्धी बाटली गेल्या वर्षीची असेल तर तिनं हवेतली ओल पिलेली असते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दर चार-पाच दाबांनंतर वरची बाटली भरा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. दोन वर्षांनी फ्लुइड बदला. पेडल पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर येत असेल तर हवा नाही, शूज सैल आहेत, अ‍ॅडजस्ट करा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर. जुन्या पद्मिनीत एकच सर्किट असतं, म्हणजे एक होज फुटला की चारही चाकं गेली. म्हणून हँडब्रेक हा नुसता पार्किंगचा नाही, तो नेमानं जुळवून ठेवा.

बाकीचं, पटकन

गिअरचा दांडा गचके देतो तो बहुधा गिअरबॉक्समुळे नाही. स्टिअरिंगखालच्या कांड्यांचे बुश झिजलेले असतात, कधी दोन गिअरमध्ये दांडा अडकून बसतो. बुश बदला, ग्रीस द्या, कांडीची लांबी जुळवा. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रिंग) नसतो, गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं ऑइल, जीएल-५ पितळी रिंगांना खातं. ते हायपॉइड डिफरन्शियलसाठी ठेवा. किंगपिनला दर १,५०० किलोमीटरला ग्रीस गन लावा, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा. फुफाट्यात जुनं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच.

इंजिन ऑइल ३,००० किलोमीटर किंवा सहा महिने. पातळ ५डब्ल्यू-३० महाग असलं तरी या इंजिनाला नको, कॅमशाफ्टला दाट आणि जस्त असलेलं ऑइल लागतं. एअर क्लिनर उसाच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी. टायर ५.२०-१४. नक्षी कितीही भरली असली तरी कडेचा चार आकडी अंक वाचा : '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांवरचा टायर आपल्या उन्हात कडेनं फुटतो.

सामानासाठी मुंबईतली कुर्ला आणि ऑपेरा हाउसची दुकानं, पुण्यात नाना पेठ. जुना भाग सोबत नेऊन शेजारी ठेवूनच नवा घ्या. बुश, पिन, स्पेसर यांसाठी तेवढं धावायची गरज नाही. चिकलठाणा, वाळूज, जालना, लातूरच्या एमआयडीसीतला लेथवाला नमुना बघून दोन तासांत बनवून देतो. त्याला माप मिलिमीटरमध्ये आणि धातूचं नाव सांगा, 'जरा घट्ट कर' म्हणू नका.

उभी कशी करायची, कुठे न्यायची

मातीवर उभी करू नका, काळी जमीन पावसाळाभर खालून ओल सोडते. चाकांखाली आणि मधल्या भागात शहाबादी फरशी टाका. कडुलिंबाच्या झाडाखाली सावली असते, पण डिंक आणि पाखरांची शीट रंग खातात. कव्हर सुती हवं, प्लास्टिकच्या खाली घाम धरतो. दरवाजांच्या रबराला डिझेलचा बोळा फिरवतात, त्यानं चार दिवस चमक येते आणि वर्षभरात रबर चिकट होतं. सिलिकॉन ग्रीस लावा. सायलेन्सरचं तोंड आणि रेडिएटरची ओव्हरफ्लो नळी अधूनमधून तारेनं तपासा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते.

आठवड्यातून एकदा जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. पाण्याची वाफ आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. पंधरवड्यात एकदा २५ किलोमीटर न्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला निघा आणि दहाच्या आत परत या. समृद्धी महामार्ग या गाडीसाठी नाही. ताशी ६० ला तिथे तुम्हीच अडथळा ठरता, आणि ९० ला इंजिन, टायर, ब्रेक तिघंही हद्दीवर असतात. दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ हा रस्ता तिच्या मापाचा आहे, पैठणचाही. नळदुर्गला किल्ला बघायला जाता येतं, पण थंडीत. खुलताबादच्या किंवा कन्नडच्या औट्रम घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा पाय ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात, पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. तसं झालं तर खालचा गिअर टाकून मोकळ्या जागी उभी करा, चाकाला दगड लावा आणि ड्रमवर पाणी न ओतता ते आपोआप निवू द्या. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका.

डिकीत कायम असू द्या : फॅनबेल्ट, वरचा आणि खालचा रेडिएटर पाइप क्लिपांसह, पॉइंट आणि कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, प्लगचा पाना, ८ ते १९ चे पाने, मीटरभर पेट्रोलची नळी, पाच लिटर डिस्टिल्ड पाणी, एक लिटर ऑइल, अर्धा लिटर सीलबंद ब्रेक फ्लुइड, दोन किलोचा अग्निशामक आणि ओलं करायला एक जाड फडकं.